सांगाडा कोणाचा? वॉटसन हॉटेल ते एस्प्लनेड मॅन्शन



आजचा विषय ऐकून काही जणांनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाले, सर, इंग्लंडातल्या दारूच्या दुकानांची घरं झाली, त्याच्याशी घुग्घुसचं काय देणं-घेणं? प्रश्न रास्त आहे. ज्या जिल्ह्यात बायकांनी दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला, त्या जिल्ह्यात बसून इंग्लिश पबाचं कौतुक करायचं म्हणजे जरा विचारच करावा लागतो. तेव्हा आधीच सांगून टाकतो, आज आम्ही प्यालाबद्दल बोलणार नाही. बोलणार आहोत भिंती, खांब, तुळया यांच्याबद्दल, आणि एका कामासाठी बांधलेल्या इमारतीत दुसऱ्याच कामासाठी माणसं राहायला लागली की काय होतं याबद्दल. शेवटी आपण घुग्घुसलाच परत येऊ.

सुरुवात इंग्लंडपासून करू. 'पब' हा शब्द 'पब्लिक हाऊस'चं लघुरूप. म्हणजे लोकांसाठी उघडं असलेलं घर. यातला 'घर' हा शब्द महत्त्वाचा आहे. जुना पब मुळात घरच असायचा. वरच्या मजल्यावर मालक कुटुंबासह राहायचा, खालची बैठकीची खोली गावाला मोकळी. आपल्याकडे पिण्याच्या जागेला गुत्ता म्हणतात, आणि त्या शब्दात घर कुठेच नाही. म्हणून पब म्हणजे गुत्ता असं भाषांतर केलं की अर्थ निसटतो. गावचा पार, चावडी आणि खानावळ एका छपराखाली आणली, तर साधारण कल्पना येईल.

त्या इमारतीची रचना पाहा. तळघरात बियरची पिंपं, कारण जमिनीखाली गारवा टिकतो. रस्त्याच्या कडेला जमिनीत फळ्यांचा दरवाजा, त्यातून पिंपं खाली उतरवायची. तळमजल्यावर दोन वेगळ्या खोल्या, एक मजुरांसाठी साधी, दुसरी जरा बऱ्या कपड्यातल्या लोकांसाठी गादीच्या बाकांची. मध्ये लाकडाची नि नक्षीदार काचेची आडभिंत. पिंप एकच, पण बसायच्या जागा वर्गाप्रमाणे वेगळ्या! हमरस्त्यावरचा मोठा पब असेल तर मधोमध उंच कमान, घोड्यांची गाडी उतारूंसकट आत जाईल एवढी. आत अंगण, अंगणाभोवती तबेले, वर मुक्कामाच्या खोल्या. दारावर लोखंडी दांडीला टांगलेली पाटी, आणि पाटीवर चित्र, कारण बहुतेकांना वाचता येत नव्हतं.

आगगाडी आली आणि घोडागाडीचे पब ओस पडले. पुढे मोटारी आल्या, टीव्ही आला, स्वस्त बियर दुकानात मिळू लागली, जागेच्या किमती वाढल्या. मालकाच्या लक्षात आलं की पब चालवण्यापेक्षा त्याची तीन-चार छोटी घरं करून विकली तर जास्त पैसा सुटतो. मग कमानीला काच बसली, ती झाली कोणाची तरी बैठकीची खोली. तबेल्याची झाली कॉटेज. मोठ्या खोलीत भिंत घालून दोन स्वयंपाकघरं निघाली. तळघराला मात्र कोणी वाली राहिला नाही. एकाच्या घराखाली सुरू होऊन दुसऱ्याच्या घराखाली संपणारं तळघर ओलं झालं, तर पैसे कोणी द्यायचे? हा प्रश्न लक्षात ठेवा. तिथल्या लोकांना कळलं की इमारत उभी राहिली तरी गावाची बसायची जागा गेली. म्हणून २०११ च्या कायद्याने अशा जागेची 'गावाच्या उपयोगाची मालमत्ता' म्हणून नोंद करायची सोय झाली. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पबाचा वापर बदलायचा तर नियोजन खात्याची रीतसर परवानगी लागते.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारं उदाहरण कुठलं? आमच्या मते एकच, आणि ते मुंबईत काळा घोड्याजवळ उभं आहे. वॉटसन्स एस्प्लनेड हॉटेल, आजची एस्प्लनेड मॅन्शन. इंग्लिश बार, इंग्लिश भोजनालय, इंग्लंडातून आणलेला सांगाडा, आणि पुढे त्याच्या झालेल्या खोल्याच खोल्या.

काळ लक्षात घ्या. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्यात आपल्या वऱ्हाडाचा कापूसही होता. मुंबईत पैशाचा पूर आला. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला गेला आणि समोरचं मोकळं मैदान, म्हणजे एस्प्लनेड, बांधकामाला खुलं झालं. त्या नव्या रस्त्यावर जॉन हडसन वॉटसन नावाच्या कापड-व्यापाऱ्याने जागा घेतली.

वॉटसनने जे केलं ते आजही चकित करतं. त्याने इमारत इंग्लंडात तयार करवली. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. हा माणूस १८५१ च्या लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या कामात होता. पुढे सेंट पँक्रस स्टेशनच्या प्रचंड छपरातही त्याचा हात होता. म्हणजे वॉटसनने हॉटेलासाठी स्टेशनं आणि पूल बांधणारा माणूस गाठला. खांब, तुळया डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत तयार झाल्या आणि जहाजाने मुंबईत आल्या. काम चाललं १८६७ ते १८६९. सुएझ कालवा खुला झाला १८६९ च्या नोव्हेंबरात. म्हणजे त्याआधीचं ते लोखंड आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आलं असणार.

इथे थोडं थांबू. ज्या वर्षांत डर्बीचं लोखंड मुंबईला येत होतं, त्याच सुमाराला आपल्या चांदा जिल्ह्यात काय होतं? लोहाऱ्याच्या टेकडीत उत्तम लोहखनिज होतं, मातीच्या भट्टीत कोळसा घालून लोखंड गाळणारे कारागीर होते, आणि वर्धा नदीच्या खोऱ्यात इंग्रज अधिकारी दगडी कोळसा शोधत होते. वरोऱ्याची खाण सुरू झाली, १८७० च्या दशकात तिथवर रेल्वे पोचली. लोखंड इथे, कोळसा इथे, तरी खांब डर्बीचा. वसाहतवाद समजावून सांगायला आम्हाला कधी जाड ग्रंथ लागला नाही. हा एक खांब पुरतो.

रचनेकडे वळू. ही पाच मजली इमारत आहे आणि तिचा भार भिंतींवर नाही. भार आहे लोखंडी सांगाड्यावर. भिंती म्हणजे खांबांमधल्या जागेत भरलेल्या विटा. भिंत काढली तरी मजला उभा राहतो. आज आपण सिमेंट-सळईचे कॉलम उभे करून मग विटांनी गाळे भरतो, तीच ही कल्पना, पण दीडशे वर्षांपूर्वीची. शिवाय हा सांगाडा झाकलेला नाही, दर्शनी बाजूलाच उघडा ठेवलेला आहे. शेजारी पुढे विद्यापीठ, राजाबाई टॉवर अशी दगडी नक्षीची गॉथिक इमारतींची रांग उभी राहिली. त्यांच्यात हे लोखंडी हॉटेल म्हणजे लग्नाच्या पंगतीत कारखान्याच्या कपड्यात आलेला फिटर. आम्हाला तो फिटर जास्त आवडतो.

लोखंडातही दोन जाती आहेत. घुग्घुसच्या लोकांना हे आम्ही काय सांगावं! ओतीव लोखंड, म्हणजे बीड, दाबाला जबर पण ताणाला कच्चं. वाकत नाही, एकदम तडकतं. घडीव लोखंड ताण सोसतं. म्हणून उभ्या खांबांना बीड आणि आडव्या तुळयांना घडीव लोखंड, अशी ही वाटणी. जो ज्या भाराला लायक, त्याला तोच भार. त्या हिशोबाबाहेरचा भार आला की काय होतं, ते पुढे येईलच.

आतली मांडणी अशी. तळमजल्यावर भोजनालय आणि बार. मधोमध वरपर्यंत उघडा चौक, त्यावर काचेचं छत, म्हणजे उजेड खालपर्यंत. वर सुमारे १३० खोल्या. बाहेरच्या अंगाने प्रत्येक मजल्याला लांब सज्जे, समुद्राचा वारा घ्यायला. आता आठवा तो इंग्लंडचा हमरस्त्यावरचा पब! खाली बार, मध्ये अंगण, वर मुक्कामाच्या खोल्या. घोड्याचं अंगण गेलं आणि काचेखालचा चौक आला, लाकूड-विटा गेल्या आणि लोखंड आलं. पण गाभा तोच. वाढणाऱ्या मुलीसुद्धा इंग्लंडहून आणल्या होत्या. त्यावरून मुंबईत थट्टा चालायची की वॉटसनने एवढं सगळं आणलं, तर इंग्लंडची हवाही आणायची होती.

हॉटेल १८७१ मध्ये सुरू झालं. १८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन इथे उतरले. प्रवासवर्णनात त्यांनी मुंबईच्या कावळ्यांवर जे लिहिलंय ते मिळवून वाचाच. त्याच वर्षी ७ जुलैला लुमिएर बंधूंच्या माणसाने इथे चलच्चित्रं दाखवली, तिकीट एक रुपया. भारतातला तो पहिला खेळ. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरमध्ये गेले आणि आपल्या लोकांना पाहायला मिळाले. ते पाहून सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये कुस्तीचं चित्रण केलं. वॉटसनमध्ये जमशेटजी टाटांना आत येऊ दिलं नाही, म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती दंतकथा म्हणून ऐकावी, पुरावा म्हणून सांगू नये. खरं एवढंच की १९०३ मध्ये ताज उघडलं आणि वॉटसनचा दिमाख उतरत गेला.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हॉटेल बंद पडलं. मालक बदलले, नावं बदलली, शेवटी 'एस्प्लनेड मॅन्शन' हे नाव राहिलं. आणि मोठ्या खोल्यांमध्ये आडभिंती पडल्या. इथे सांगाड्याची गंमत पाहा. भिंतीवर भार नाही म्हणजे भिंत हवी तिथे घालता येते, हवी तिथून काढता येते. ज्या गुणामुळे इमारत आधुनिक, त्याच गुणामुळे तिचे तुकडे करणं सोपं. समोरच दिवाणी आणि सत्र न्यायालय, म्हणून वकिलांनी लहान-लहान खोल्या घेतल्या. कोणी झेरॉक्सचं दुकान टाकलं, कोणी टायपिंगचं. तळाला इराणी हॉटेल. आणि पन्नासेक कुटुंबं संसार थाटून राहिली. प्रवासी दोन रात्री झोपायचा त्या खोलीत आता मोरी आली, स्वयंपाकाचा ओटा आला, पाण्याची टाकी आली, पोटमाळा आला. नाचाचा चौक होता तिथे शेड नि कचरा साचला.

आता कोणी म्हणेल, अरेरे, काय ही दुर्दशा केली भाडेकरूंनी! आम्हाला हे म्हणणं मान्य नाही. ज्या हॉटेलात आपल्या लोकांना दार बंद होतं, तिथे मध्यमवर्गीय कुटुंबाने दहा बाय बाराच्या खोलीत पोरं वाढवली, एखाद्या नव्या वकिलाने तिथूनच पहिली केस लढवली. हाही त्या इमारतीचा इतिहास आहे, आणि सलग माणसं नांदली म्हणून तर ती इतकी वर्षं टिकली. रिकामं घर लवकर पडतं, हे आपल्या आया सांगत आल्यात. पण तितकंच खरं दुसरंही आहे. प्रत्येक मोरीचं पाणी कुठेतरी झिरपत होतं आणि ते खांबापर्यंत जात होतं. गंज आवाज करत नाही.

मग दुरुस्ती का झाली नाही? इथे कायदा पाहावा लागतो. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने बहुतेक जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीला गोठली. त्या वेळी ते योग्यच होतं. युद्ध झालेलं, फाळणी झालेली, माणसं शहरात लोटत होती, मालकाने वाटेल ते भाडं लावलं असतं तर लोक रस्त्यावर आले असते. पण तात्पुरती व्यवस्था पन्नास वर्षं चालली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे. मग ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला, त्यात वर्षाला चार टक्के वाढ. मधल्या काळात १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ आणि उपकर आले, पुढे ते काम म्हाडाकडे गेलं. १९९५ मध्ये मुंबईला वारसा इमारतींची नियमावली मिळाली.

म्हणजे बघा, मालक म्हणतो, या भाड्यात रंगाचा डबा येत नाही. भाडेकरू म्हणतो, आम्ही भाडं देतो, दुरुस्ती तुमची. सरकारी मंडळ म्हणतं, आमच्या खर्चाला मर्यादा आहे. वारसावाले म्हणतात, मूळ रूपाला हात लावू नका. चौघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर. आणि मधे खांब गंजत राहतो. इंग्लंडच्या त्या तळघराचाच प्रश्न हा, फक्त पाच मजले उंच.

२००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळला, एका माणसाचा जीव गेला. त्याच सुमाराला जगातल्या धोक्यात आलेल्या शंभर वारसास्थळांच्या यादीत इमारतीचं नाव आलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून भाडेकरूंना जागा रिकामी करावी लागली. आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी पाडण्याची शिफारस केली, वारसा-अभ्यासक म्हणाले, दुरुस्ती शक्य आहे. वाद सांगाड्यावर झाला, पण पिशव्या भरून जिना उतरावं लागलं माणसांना. सांगाडा वाचवायचा की माणसं, असा प्रश्न शेवटी येतो, कारण आधीची पन्नास वर्षं दोन्ही एकत्र वाचवता आली असती तेव्हा कोणी विचारलं नाही.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा थोडी सवलत घेतो. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू राजा मिलिंदाला रथाबद्दल विचारतात. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? नाही. मग हे सगळं सोडून वेगळा रथ कुठे आहे का? तोही नाही. रथ हे या भागांच्या जुळणीला दिलेलं नाव. तसंच वॉटसन हॉटेलचं. बार गेला, पाटी गेली, चौक भरला, मालक बदलले, मग ते हॉटेल उरलं का? नागसेन म्हणतील, नाव व्यवहारापुरतं आहे, बदललं तर बदललं. आम्ही वर्गात इथेच थांबायचो. पण इमारतींकडे पाहायला लागल्यावर एक गोष्ट उमगली. नाव व्यवहारापुरतं असेल, वजन व्यवहारापुरतं नसतं. पाटीवर काहीही लिहा, खांबावर येणारा भार येतोच. जुळणीला नाव दिलं की काम संपत नाही, जुळणी सांभाळावी लागते.

आता घुग्घुसला येऊ. दारूबंदीची आठवण सगळ्यांना आहे. १ एप्रिल २०१५ ते २०२१. एका रात्रीत बारच्या पाट्या उतरल्या. कुठे खानावळ आली, कुठे नुसतंच कुलूप. पीणारे मात्र वर्धा नदी ओलांडून वणीच्या हद्दीत जाऊ लागले. 'श्रमिक एल्गार'च्या बायकांचा लढा ज्या दुःखातून आला ते दुःख खरं होतं, आणि पाटी उतरवल्याने ते संपत नाही हेही खरं ठरलं. इमारतीचा वापर आदेशाने बदलतो, माणसाची सवय त्याच वेगाने बदलत नाही.

पण आमच्या मनात दुसरी तारीख जास्त खोल रुतली आहे. २६ ऑगस्ट २०२२. आमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. घरची माणसं बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूची कुटुंबं हलवावी लागली. खाली जुनी भूमिगत खाण होती. ज्यांनी खाणीत पाळी केली आहे त्यांना सांगायला नको. कोळसा काढताना मधे-मधे कोळशाचेच पिलर सोडतात, छत त्यांच्यावर तोललेलं असतं. खाण बंद होते, पाणी भरतं, पिलर झिजतात. वर दुसरी पिढी येते, तिला वाटतं ही साधी जमीन आहे. खाली खांब, वर संसार, आणि मधे हिशोब ठेवणारा कोणी नाही. डर्बीच्या बिडाचा खांब असो की आमराईखालचा कोळशाचा, गोष्ट एकच आहे.

म्हणून आमचं सांगणं साधं आहे. जुन्या जागेचा वापर बदलू नये असं आम्ही म्हणत नाही. पबात घर करा, हॉटेलात वकील बसवा, खाणीच्या क्वार्टरात नवीन बिऱ्हाड येऊ द्या. जागा अशाच जगतात. पण वापर बदलताना तीन कागद गावाकडे असावेत. आधी इथे काय होतं, याचा. भार कशावर उभा आहे, याचा. आणि त्या खांबाची देखरेख आजपासून कोण करणार, याचा. पहिला कागद इतिहासवाल्यांनी लिहावा, दुसरा अभियंत्यांनी. तिसऱ्यावर कोणाची तरी सही लागते, आणि नेमकी तीच सही मुंबईत मिळाली नाही.

मागून एका ताईंनी विचारलंय, सर, आमच्या घराखाली काय आहे हे आम्ही कोणाला विचारायचं? ताई, आजच्या व्याख्यानातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा. खाणीचे नकाशे असतात. खाण बंद करताना नकाशा करून ठेवावा लागतो, तो खाण-सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. तुमच्या नगर परिषदेने तो मागावा आणि वॉर्डाच्या नकाशावर ठेवून पाहावा. तुम्ही एकट्या मागायला गेलात तर फिरवतील, दहा-वीस जणी मिळून जा. चिमूरहून नागपूरला पायी गेलेला जिल्हा आहे हा, चंद्रपूर काही लांब नाही.

एवढं बोलून थांबतो.